राख नको, कोळसा

मुकुंदा,

तुझ्या फोटोला निळ्या शेवंतीचा हार घातला होता. शेवंती निळी नसते, हे तुला सांगायला नको. पांढरी फुलं रंगाच्या पाण्यात उभी करून ठेवली की देठातून रंग चढतो आणि लोक कौतुकानं विकत घेतात. हा हार आणला होता ओढ्याच्या वरच्या अंगाला सूत रंगवायचं शेड आहे, त्याच्या मॅनेजरनं. ज्या शेडचं पाणी गाळण्यात तुझी सगळी निवृत्ती गेली, त्याच शेडचा मॅनेजर पांढराशुभ्र शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. हार घालताना त्याच्या बोटांना निळं लागलं. ते त्यानं खुर्चीच्या कव्हरला पुसलं. मी बघत होते. तुझी थोरली बहीण आहे मी, बघायची आणि बोलायची दोन्ही खोडी मला जन्मापासूनच्या. त्या वेळी फक्त बघितलं, कारण शेजारी नलू बसली होती आणि तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तुझी बायको मला चांगली ओळखते.

तुझी राख सावडून दोन दिवसही झाले नव्हते आणि आपल्या नानानं तुझ्या पाणी गाळायच्या हौदाशेजारी शोकसभेचा शामियाना टाकला होता. आपला धाकटा भाऊ दुसरं काही करो न करो, शामियाना वेळेवर टाकतो. देवगाव रंगारीहून दोन जीपा भरून माणसं आणली होती. त्यांतल्या निम्म्यांना तू कोण हे माहीत नव्हतं, उरलेल्यांना तू नानाचा भाऊ एवढंच माहीत होतं. माइक होता, पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या होत्या, आणि प्रत्येक भाषणात तू एक पायरी वर चढत होतास. पहिल्यानं तुला जलमित्र केलं, दुसऱ्यानं जलतपस्वी, आणि तुझ्या कॉलेजचे प्राचार्य उभे राहिले तेव्हा तू महर्षी झालास. हे तेच प्राचार्य, ज्यांनी तू निवृत्त झाल्याच्या संध्याकाळी प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली होती. पुन्हा एकदा आत जाऊन तुझी काचेची भांडी घेऊ का, असं तू विचारलंस तर अर्ज करा म्हणाले होते. आता म्हणाले, "सरांसाठी आमची दारं कायम उघडी होती." मी मोठ्यानं हसले. लोकांना वाटलं हुंदका आला. एकीनं पाण्याची बाटली पुढे केली.

तुझं कौतुक मीही कधी केलं नाही, पण मी निदान जे बोलायचं ते तुझ्या तोंडावर बोलले. तू कॉलेजात शिकवत असताना तुमच्या त्या संशोधनाची मी किती टर उडवायचे! छावणीतल्या माझ्या खोलीवर येऊन तू सांगायचास, अक्का, आज शेंगदाण्याच्या टरफलांनी निळा रंग काढला. आज उसाच्या चिपाडानं. आज गव्हाच्या भुश्यानं. मी विचारायचे, कुठल्या पाण्यातला? तू चष्मा पुसायला लागायचास. कारण तो रंग तुम्हीच बाटलीतून काढून स्वच्छ पाण्यात घातलेला असायचा. स्वतःच घाण करायची, स्वतःच काढायची आणि मग शोधनिबंध छापून एकमेकांना शाली घालायच्या. शाळेत गणित शिकवणारी बाई मी, मला त्यातलं एवढंच कळायचं की बाहेर ओढा लाल वाहतोय आणि आत तुम्ही बाटली हलवताय. एकदा तू चिडून म्हणालास, "मग चल दाखव तुझा ओढा." मी रिक्षा केली आणि दाखवला.

त्या दिवसापासून तू बाटली सोडलीस. हे सगळं माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तुझ्या हट्टीपणाचं श्रेय मी का घेऊ?

त्या ओढ्याकाठी धनगरांची वस्ती आहे. गंगूबाई तिथली कर्ती बाई. मेंढ्या तिच्या, शब्द तिचा. आपण पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं एक मेंढी पुढे ओढून तिच्या तोंडाजवळची लोकर दाखवली होती. गुलाबी झाली होती. तू लगेच बादलीत पाणी घेऊन रसायनशास्त्र सुरू केलंस आणि ती म्हणाली, "सर, मला ते समजत नाय. मेंढ्यायनं हे पाणी प्यावं का नाय, तेवढं सांगा. नाय तर आम्ही हलतो इथून. पर हलून जावं कुठं, हे बी तुमीच सांगा." तू दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो म्हणालास. एवढ्या मोठ्या माणसानं इतकं भोळं असू नये. मी येताना रिक्षात तुला तसं म्हणालेसुद्धा.

मग पऱ्हाटी आली. वेचणी झाल्यावर कपाशीच्या वाळक्या काड्या लोक चुलीत घालतात नाहीतर बांधावर पेटवून देतात. त्या तू गाड्या भरून आणायला लागलास. लोखंडी ड्रममध्ये त्या भरून, झाकण लावून, फटी चिखलानं लिंपून बाहेरून जाळ करायचा. हवा आत गेली नाही तर कोळसा होतो, गेली तर राख. तो कोळसा कुटायचा, धुवायचा, आंबट पाण्यात ठेवायचा, पुन्हा धुवायचा आणि हौदात थरांनी भरायचा. ओढ्याचं पाणी वरून आत जायचं आणि खालच्या नळीतून मेंढ्यांच्या डोणीत पडायचं. पहिल्यांदा पडलं तेव्हा फिकट चहासारखं होतं. तू नाचायचाच बाकी होतास. मी म्हणाले, कापसाचा रंग कापसाच्याच काडीनं काढायचा आणि वर नाचायचं, हे म्हणजे पोरानं सांडलेलं आईनं पुसायचं. शेडवाल्याला का नाही पुसायला लावत? तू म्हणालास, "अक्का, तक्रार केलीय. ते येतील तेव्हा येतील. मेंढ्यांना आज तहान लागलीय."

तुझ्या या असल्या वाक्यांचा मला फार राग यायचा. त्यावर भांडता येत नाही.

पण एका गोष्टीवर आपण भांडलो आणि शेवटपर्यंत भांडत राहिलो. मी विचारायचे, रंग जातो कुठं? नाहीसा तर होत नाही. पाण्यातून निघून कोळशात बसतो. मग कोळसा भरला की? तू हौदामागे खड्डा खणलास, जाड प्लास्टिक अंथरलंस, वर पत्र्याचं झाकण केलंस आणि म्हणालास, वापरलेला कोळसा इथं. उकिरड्यावर नाही, शेतात नाही, चुलीत तर मुळीच नाही. बरं, मी म्हणाले, आणि खड्डा भरला की? तू म्हणायचास, "भरला की बघू." रसायनशास्त्राचा डॉक्टर! भरला की बघू! आपल्या नानाचं अख्खं राजकारण याच तत्त्वावर चालतं. तुझ्याकडून मला जास्त अपेक्षा होती.

आणि दुसरं तुझं वेड राखेचं. गंगूबाईच्या सुना कोळशाला चिकटलेली राख धुवायचा कंटाळा करायच्या. राखेनं भांडी लख्ख निघतात, मग पाणी का नाय निघणार, असा त्यांचा सवाल. तो त्यांचाच नव्हे, आपल्या आईचाही असता. आपल्याकडे राख म्हणजे पवित्र. कपाळाला लावायची, दात घासायचे, बाळाच्या अंगाला चोळायची. तू त्यांना ओरडून सांगायचास, राख नको, कोळसा! राखेचा खार पाण्यात उतरला की कोळशानं धरून ठेवलेला रंग सुटतो. चिमूटभर राहिली तरी मला चालणार नाही. तुझं ते ओरडणं ऐकून मेंढ्या बिचकायच्या. मला पाठ झालं होतं ते, नलूला झालं होतं, वस्तीतल्या शेंबड्या पोरांनाही झालं होतं.

झालं नव्हतं फक्त नानाला. आपला सख्खा भाऊ, पण तुझ्या हौदाकडे फोटो काढण्यापुरता यायचा.

शामियान्यात शेवटी नाना उभा राहिला. हातात तांब्या, तांब्यावर लाल फडकं. अस्थी गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडल्या होत्या, पण राख त्यानं राखून ठेवली होती. माइकवर म्हणाला, "दादांनी राखेतून पाणी शुद्ध केलं. आज दादांची राख त्यांच्या हौदात अर्पण होतीय. मेल्यावर बी दादा पाणी शुद्ध करणार!" टाळ्या. प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. मॅनेजरनं मान डोलावली. माझ्या अंगावर काटा आला, मुकुंदा, भक्तीनं नाही.

मी उठले. म्हणाले, "नाना, थांब. राख घालायची नाही त्यात."

"अक्का, आता काय नको बोलू. लोकं बघत्यात."

"बघू देत. मुकुंदाच सांगायचा, राख नको. रंग सुटेल."

"अगं, ती पऱ्हाटीची राख. ही दादांची हाये."

मी गणिताची मास्तरीण. याचं उत्तर प्राचार्यांकडे असायला हवं होतं. ते तर तुझ्याच विषयाचे. मी त्यांच्याकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "ताई, भावनेचा प्रश्न आहे. शास्त्र थोडं बाजूला ठेवू." आयुष्यभर त्या माणसानं शास्त्र बाजूलाच ठेवलं होतं, नवीन काय? नाना हौदाच्या काठावर चढला. तांब्या पालथा केला. फोटोवाला म्हणाला, परत एकदा, साहेब. तांब्या रिकामा होता, तरी त्यानं परत एकदा पालथा केला.

दोन दिवसांनी गंगूबाईचा फोन आला. "अक्का, डोणीत रगात पडायलंय."

मी आणि नलू गेलो तर नळीतून लालभडक पाणी पडत होतं. कित्येक महिन्यांचा कोळशानं धरून ठेवलेला रंग एकदम सुटला होता. ओढ्यापेक्षा हौदातलं पाणी जास्त लाल. मेंढ्या डोणीपासून लांब उभ्या होत्या आणि ओरडत होत्या. माणसं मात्र जवळ आली होती. नानाच्या जीपवाल्यांतले दोघं हात जोडून उभे. एकीनं तर नळीला हळदकुंकू वाहिलं होतं. ती नलूजवळ आली आणि डोळे पुसत म्हणाली, "जाता जाता कुंकवाचं पाणी देऊन गेले बघा." तुझ्या बायकोच्या कपाळावरचं कुंकू पुसून आठवडा झाला नव्हता. त्या बाईला मी काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. तू असतास तर म्हणाला असतास, अक्का, ती बिचारी अडाणी आहे. असू दे. अडाणीपणालाही काही हद्द असते.

ज्यांनी हात जोडले नाहीत ते दुसरं बोलत होते. "हे आधीपासून असंच असंल. सरांनी कायतरी रंग उडवायची पावडर टाकली असंल रोज." हे वस्तीतलेच. ज्यांच्या जनावरांसाठी तू हात काळे केलेस ते. आणि गंगूबाई, जिला तू बहिणीसारखी मानायचास, ती म्हणाली, "सर गेले, सरांची जादू गेली. आमी उद्या मेंढ्या हलवतो." मी म्हणाले, "जादू नव्हती ती, बाई. कोळसा होता." ती म्हणाली, "आमाला काय, पाणी पायजे." तिचं बरोबर होतं, म्हणून मला आणखी राग आला.

नाना तेवढ्यात पोचला. आल्या आल्या म्हणाला, नळीला बूच मारा, पेपरवाले यायच्या आत. मग म्हणाला, ब्लीचिंग पावडरचं पोतं आणतो. प्राचार्यांनी फोन उचलला नाही. मॅनेजरनं उचलला आणि म्हणाला, आमचं पाणी नियमात आहे, तुमच्या हौदातच दोष दिसतो. ऐकतोयस ना? तुझ्या हौदात दोष! निळा हार घालणाऱ्यानं दिलेला हा दाखला.

आम्ही सगळे असे वाद घालत असताना नलू हौदात उतरली. बारीक काठाचं पांढरं लुगडं, पदर खोचलेला, हातात वस्तीवरचं फावडं. कुणाला काही न विचारता तिनं वरचा थर उपसायला सुरुवात केली. नाना किंचाळला, "वहिनी, आवं, त्यात दादा हायेत!"

नलू थांबली नाही. "म्हणूनच काढायलेय. ते असते तर त्यांनीच आधी बाहेर काढलं असतं."

"मग पोत्यात भरा. मी जीपनं नेतो, गंगेत सोडतो सगळं. विधिवत."

तेव्हा मात्र ती उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत लाल-काळे झाले होते. म्हणाली, "नानाभाऊ, हा रंग त्यांनी या एवढ्याशा ओढ्यात जाऊ दिला नाय. तुमी गंगेत सोडणार? त्यांच्या नावानं?"

नाना मागं सरला. आपला नाना मागं सरलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्याचं सगळं श्रेय तुझ्या बायकोला. मी फक्त साडी वर खोचून हौदात उतरले, माझ्या गुडघ्यांना न विचारता. दोघी म्हाताऱ्यांनी पाटीपाटीनं तो कोळसा वर काढला आणि तुझ्याच खड्ड्यात टाकला. शेवटी शेवटी गंगूबाईच्या दोन सुनांनी पाट्या घेतल्या. नाना जीपमध्ये बसून कुणाला तरी फोनवर सांगत होता की दादांच्या कार्याची साफसफाई चालू आहे.

तर असा तू आहेस, मुकुंदा. अर्धा गंगेत, अर्धा त्या प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात, लाल कोळशात मिसळलेला. पत्रा ओढताना नलू खूप रडली. मला वाटलं होतं मीही रडेन. पण मला आपलं भांडण आठवलं आणि एकदम तुझा इतका राग आला की रडूच आलं नाही. खड्डा अजून भरलेला नाही. भरला की काय करायचं, हे तू जाताना सांगितलं नाहीस. भरला की बघू म्हणालास आणि बघायला मला ठेवून गेलास.

तुझ्याबद्दल जे सगळे बोलले त्यातलं काहीच खरं नव्हतं. तू महर्षी नव्हतास. तू एक हेकट, घामट, मळक्या शर्टाचा माणूस होतास. छातीत दुखतंय म्हणून नलूनं तीनदा सांगूनही डॉक्टरकडे न जाता पऱ्हाटी आणायला गेलास. तू जन्मभर शिकवलंस, किती पोरं तुझ्या हाताखालून गेली, आणि जे एक खरोखर शिकवायला हवं होतं ते कुणालाच शिकवलं नाहीस. ड्रमजवळ कुणाला येऊ देत नव्हतास. धूर लागेल, भाजेल, लांब थांबा. वस्तीतल्या बायकांनी धुवायचं, कुटायचं, पण ड्रम तुझा. तुला माया होती म्हणे. असली माया काय कामाची?

गंगूबाईला मी चार दिवस मागून घेतले. म्हणाले, एवढ्यात मेंढ्या हलवू नको. ती म्हणाली, "तुमाला जमंल व्हय?" मी म्हणाले, जमेल, न जमायला काय झालं? तो पोरगा माझ्या हाताखाली पाढे शिकलाय. ती हसली. चार दिवस टँकरचं पाणी पाजते म्हणाली, पुढं नाय.

काल मी आणि नलूनं पहिला ड्रम लावला. पऱ्हाटी तुझी, अंगणात रचून ठेवलेलीच होती. भरली, झाकण लावलं, चिखलानं लिंपलं, बाहेरून जाळ केला. फटीतून पांढरा धूर आला, मग पिवळट, मग कमी झाला. आम्ही दोघी खुर्च्या टाकून बसलो होतो. नलू म्हणाली आता झालं असेल, मी म्हणाले अजून थांबू, ती म्हणाली ते एवढा वेळ नव्हते थांबत, मी म्हणाले तुला काय माहीत, तू कुठं जवळ होतीस. शेवटी उघडलं. आतला निखारा हवा लागताच भडकला आणि आमच्या डोळ्यांदेखत सगळी पऱ्हाटी जळून गेली. ड्रमच्या तळाशी पांढरी भुसभुशीत राख. नलू बघत राहिली आणि म्हणाली, "आता ही कुठं टाकायची, अक्का?"

उद्या पुन्हा लावणार आहोत. आता उरलीय ती एका ड्रमपुरतीच पऱ्हाटी, आणि गंगूबाईचे दिवस संपत आलेत. तुला मी आयुष्यभर हजार गोष्टी सुनावल्या, उपदेश केला, हसले. आता एकच विचारते आणि नीट ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही.

झाकण कधी उघडायचं असतं, मुकुंदा?